कुजबूजसुद्धा नको

बायको : यांना नका सांगू, डॉक्टर. मला सांगा. यांना विचारलं की घरी पोचेपर्यंत सगळ्याचं 'काही नाही गं, किरकोळ आहे' होतं. पडद्यावर काय दिसतंय, ते मला कळू द्या.

डॉक्टर : सांगते, काकू. तुम्हाला उजेड-अंधार तरी जाणवतो का?

बायको : जन्मापासून काहीच नाही. 'पांढरा डाग, पांढरा डाग' म्हणताय मघापासून, पण पांढरं माझ्यासाठी नुसतं नाव आहे. हाताला लागेल असं काहीतरी सांगा.

कंट्रोलर : अगं, बाहेर केवढी रांग आहे! डॉक्टरांना एकटे आपणच आहोत का?

बायको : तुम्ही गप्प बसा. स्वतःचा घसा ऐका जरा. पत्र्यावर वीट घासल्यासारखा येतोय.

डॉक्टर : रांग थांबेल. काकू, हात इकडे द्या. ही माझ्या टेबलाची कड. कशी लागतेय?

बायको : गुळगुळीत.

डॉक्टर : आता बोट तसंच उजवीकडे न्या. अजून थोडं.

बायको : अगंबाई, इथं फुगलंय. सनमायका सुटलाय वाटतं.

डॉक्टर : पाणी मुरलं त्यात. आता ऐका. घशात, श्वासनळीच्या तोंडाशी दोन पट्ट्या असतात. स्वरतंतू म्हणतात त्यांना. बोलताना त्या एकमेकींना भिडून थरथरतात, तेव्हा आवाज येतो. त्यांची कड पहिल्या जागेसारखी गुळगुळीत हवी. काकांच्या डाव्या स्वरतंतूची झालीय या दुसऱ्या जागेसारखी. साल जाड झालीय, कडक झालीय. दोन्ही कडा नीट भिडत नाहीत, म्हणून आवाज घोगरा येतो.

बायको : कळलं. अगदी कळलं. पण डॉक्टर, टेबल दुरुस्त करून घ्या हो. कुणाची तरी साडी अडकेल.

डॉक्टर : कधीची सुताराच्या मागे लागलेय, तो दादच देत नाही.

बायको : पण हे गेल्या वर्षी काढलं होतं ना तुम्ही? तेव्हा म्हणालात, कॅन्सर नाही.

डॉक्टर : तेव्हा नव्हता. आजही नाही. पण गेल्या आठवड्यात नळी घालून जो तुकडा घेतला, त्याचा रिपोर्ट चांगला नाही. कसं असतं, या सालीच्या खाली एक पातळ पडदा असतो. गेल्या वर्षी सालीतल्या थोड्याच पेशी बिघडल्या होत्या, अगदी तळाच्या. आता वरपासून खालपर्यंत सगळी जाडी बिघडलीय. पडदा तेवढा शाबूत आहे. पेशी तो फोडून खाली उतरल्या, की त्याला कॅन्सर म्हणायचं.

बायको : म्हणजे उंबऱ्यावर येऊन उभा आहे.

डॉक्टर : उंबऱ्यावर आहे. आत आलेला नाही.

कंट्रोलर : मग झालं तर! आत आला नाही ना? येईल तेव्हा बघू.

डॉक्टर : काका, तुम्ही स्टँडवर गाड्या सोडता ना? ब्रेक लागत नाही असं ड्रायव्हर म्हणाला, तर 'धडकली की बघू' म्हणता का?

बायको : बोला आता, कंट्रोलरसाहेब.

डॉक्टर : आणि मी दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं होतं. अशी साल एकदा काढली म्हणजे संपत नाही, परत येऊ शकते. नळी घालून बघत राहावंच लागतं. तुम्ही एकदा आलात आणि मग जे गायब झालात, ते थेट या महिन्यात उगवलात.

बायको : गायब कसे? तुम्हीच सुट्टी दिली होती ना यांना?

डॉक्टर : मी? नाही हो.

बायको : 'डॉक्टर म्हणाल्या, खणखणीत आहात, आता यायची गरज नाही', असं सांगितलं यांनी मला. या वेळी आवाज फारच बसला, म्हणून मी ओढून आणलं. ऐकताय का? तुमच्याबद्दल बोलतेय मी.

कंट्रोलर : ऐकतोय.

बायको : मग?

कंट्रोलर : घरी बोलू.

डॉक्टर : घरी बोला. मला आणखी एक विचारायचंय. गेल्या वेळी जिथून साल काढली, तिथला व्रणही ताठ झालाय. इतका व्हायला नको होता. ऑपरेशननंतर आठवडाभर बोलणं बंद ठेवलं होतंत ना?

कंट्रोलर : एक शब्द नाही. तुमच्या गळ्याशपथ.

डॉक्टर : माझ्या गळ्याला कशाला मध्ये आणता?

बायको : ते मात्र खरंय हं, डॉक्टर. आवाज म्हणून काढला नाही यांनी. नुसते कुजबुजत होते.

डॉक्टर : काय करत होते?

बायको : कुजबुजत होते. कानाशी येऊन, अगदी हळू. 'उजव्या हाताला पातेलं आहे', 'दूधवाला आलाय', 'मी इथंच बसलोय'. एवढंच.

डॉक्टर : आठवडाभर?

बायको : का हो? कुजबुजणं म्हणजे काय बोलणं आहे?

डॉक्टर : काकू, कुजबुजताना माणूस घसा आवळतो. ताज्या जखमेला ते साध्या हळू बोलण्याइतकंच वाईट, कधी जास्तच. मी बोलू नका म्हटलं होतं, त्यात कुजबूज धरलेली असते. खुणा करा, पाटीवर लिहून दाखवा म्हणून सांगितलं होतं मी.

कंट्रोलर : कुणाला दाखवू लिहून?

डॉक्टर : हं.

कंट्रोलर : नाही, तुम्हीच सांगा ना. कुणाला?

डॉक्टर : बरोबर आहे तुमचं. प्रत्येक पेशंटला मी तेच चार शब्द ऐकवते. समोर कोण उभं आहे, हे बघायला हवं होतं मी.

कंट्रोलर : पहिला दिवस मी पाळला हो, डॉक्टर. अगदी तोंड शिवल्यासारखा. आणि ही घरभर हात पुढे करून फिरतेय, 'आहात का? अहो, आहात का?' मी समोर उभा! हाताच्या अंतरावर! पुढे होऊन खांद्याला हात लावला, तर ही अशी दचकली की गरम पाण्याचं भांडं हातातून सुटलं. नशीब, पाय वाचले. मग मी कानाशी गेलो आणि म्हटलं, 'आहे गं, इथंच आहे.' तिथून सुरू झालं ते.

बायको : मला काय माहीत, त्यानं जखम होतेय म्हणून!

डॉक्टर : थांबा. काकू, डोक्यात काही घेऊन बसू नका. कुजबुजीनं व्रण ताठ झाला असेल. पेशी बिघडल्या त्या कुजबुजीनं नाही. ते सिगारेटचं काम आहे. काका, किती ओढता?

कंट्रोलर : कमी केल्यात.

बायको : कमी! वेलदोडा चघळत दारात पाऊल टाकतात, की मी समजायचं ते समजते. मला दिसत नाही, वास येतो, हे इतक्या वर्षांत यांच्या डोक्यात शिरलेलं नाही.

डॉक्टर : कमी चालणार नाही. बंद. आणि आता काय करायचं ते नीट ऐका दोघंही. या वेळी लेझरनं पूर्ण साल काढायची, थोडी खोलवर. मग आठवडाभर तोंड बंद, कुजबूजसुद्धा नको. काढलेला भाग परत तपासायचा. आणि मग मी आहे तोवर दर थोड्या महिन्यांनी माझं तोंड बघायचं.

बायको : आणि आवाज?

डॉक्टर : आवाज बदलेल. गेल्या वेळी मी म्हटलं होतं, बराचसा परत येईल. या वेळी तसं म्हणणार नाही. बसका येईल, हवा निसटल्यासारखा. ओरडणं तर विसराच.

कंट्रोलर : आणि नाहीच केलं तर?

डॉक्टर : काही दिवस असंच चालेल. मग एक दिवस पडदा फुटेल. माझा अंदाज आहे, फुटेलच. तेव्हा किरणं द्यायची, किंवा मोठं ऑपरेशन. अजून उशीर झाला, तर अख्खं स्वरयंत्र काढावं लागतं, गळ्याला भोक पाडून श्वास घ्यावा लागतो. मी घाबरवत नाही, काका. असे दोघंजण याच खुर्चीत बसून गेलेत.

कंट्रोलर : रिटायर व्हायला थोडंच राहिलंय. तोवर गाडी थांबवून ठेवता नाही येणार?

डॉक्टर : नाही येणार. बाहेर बाकावर बसा. बोला एकमेकांशी. मग आत येऊन मला हो किंवा नाही सांगा.

(दोघं बाहेर येतात. ती त्याच्या कोपराला धरून चालते. बाकापाशी आल्यावर हात सोडते.)

कंट्रोलर : बस. मागं भिंत आहे.

बायको : आहे का नक्की?

कंट्रोलर : म्हणजे?

बायको : नाही, विचारून घेतलेलं बरं. 'सुट्टी दिली' म्हणालात, तेव्हा नाही विचारलं मी.

कंट्रोलर : चुकलं गं.

बायको : चुकलं म्हणजे काय हो? मीठ जास्त पडलं, त्याला चुकलं म्हणतात. लग्न झाल्यापासून तुम्ही 'पायरी आहे' म्हणालात की मी पाऊल उचलते. 'पायरी नाही' म्हणालात की सरळ टाकते. कधी चाचपून बघितलं? एकदा तरी? आणि तुम्ही मला 'पायरी नाही' म्हणून सांगितलंत, आणि पायरी होती.

कंट्रोलर : तुझ्यासाठीच केलं.

बायको : काही नका माझ्यावर ढकलू!

कंट्रोलर : हळू. लोक बघतायत.

बायको : बघू देत. मी कुठं त्यांना बघतेय?

कंट्रोलर : ऐकून तरी घे. तिसऱ्या महिन्यात मी आलो होतो ना, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, परत काही दिसलं तर परत काढावं लागेल. परत तो आठवडा? परत तू घरभर हात पुढे करून मला शोधणार, आणि मी मुडद्यासारखा समोर उभा? दिसलंच नाही तर काढणार कसं, म्हणून मी दाखवायलाच गेलो नाही.

बायको : वा! केवढी अक्कल! असा कंट्रोलर ठेवलाय म्हणून गाड्या उशिरा सुटतात.

कंट्रोलर : हस तू. पण खरं सांग. माझा चेहरा तू पाहिलेला नाहीस. मी काळा की गोरा, तुला पत्ता नाही. बाकीच्या बायकांकडे नवऱ्याचं काय काय असतं, चेहरा असतो, फोटो असतात. तुझ्याकडे माझं आहे काय? हा घसाच ना? तोच कापून टाकला, तर तुझ्याकडे उरणार काय?

बायको : हे इतके दिवस पोटात ठेवून बसला होतात?

कंट्रोलर : कुणाला सांगू?

बायको : मला, मला सांगायचं! मी कोण आहे?

कंट्रोलर : तू रडायला लागलीस.

बायको : नाही रडत. नाकात गेलं काहीतरी. या दवाखान्यात फिनेल किती ओततात! अहो, तुम्हाला आठवतं, मी ऑफिसातून सुटून स्टँडवर यायची? दिवसभर टेलिफोनवर 'नमस्कार, कोण हवंय' करून कान किटलेले असायचे. आणि तुम्ही माझी गाडी दोनदा पुकारायचात.

कंट्रोलर : तुला एकदाच कळली नाही तर, म्हणून.

बायको : माझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसायच्या. म्हणायच्या, बाकीच्या गाड्यांना एकदा आणि हिच्या गाडीला दोनदा! आणि माईक बंद पडला की फलाटावर येऊन घसा फाडायचात. सगळं स्टँड दणाणायचं. मला तो आवाज इतका आवडला ना, की नोकरी, पगार, जमीनजुमला, काही विचारलं नाही मी. आई म्हणाली, मुलगा दिसायला कसा आहे ते तरी कुणाला विचार. मी म्हटलं, मला काय करायचंय?

कंट्रोलर : मग तेच तर म्हणतोय मी.

बायको : थांबा, लाइनवर राहा. माझं झालेलं नाही. आवाज गेला तर मला वाईट वाटणार नाही, असं मी म्हणणार नाही. वाटणार. फार वाटणार. मला आत्ताच, इथं बसूनच कसंतरी होतंय. पण तो माझा आहे ना? मग तो ठेवायचा की सोडायचा, हे मला विचारायला नको? तुम्ही एकट्यानं ठरवून मोकळे!

कंट्रोलर : बरं. विचारतो. काय करायचं?

बायको : काढून टाका.

कंट्रोलर : एवढ्या पटकन?

बायको : मला माणूस हवाय. घरात वावरणारा. माझ्या वस्तू भलत्या जागी ठेवणारा. भांडायला हवाय मला कुणीतरी.

कंट्रोलर : एक करू या का? मोबाईलमध्ये भरून ठेवतो. ऑपरेशनच्या आधी. तुला हवं तेव्हा ऐकता येईल.

बायको : अजिबात नाही.

कंट्रोलर : अगं, आता तर सोपं असतं ते.

बायको : सोपं असू दे. नवरा शेजारी बसलेला असताना त्याचा आवाज मोबाईलवर लावून ऐकायला मी काय विधवा आहे? नको मला. आठवला तेवढा आठवला.

कंट्रोलर : आणि तो आठवडा?

बायको : त्याचं मी बघते. तुम्ही कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवायचा. हलाल तिकडे वाजला पाहिजे.

कंट्रोलर : बैलासारखा?

बायको : हो, बैलासारखा. 'हो' म्हणायचं असेल तर एक टिचकी, 'नाही' असेल तर दोन.

कंट्रोलर : आणि तिसरं काही म्हणायचं असेल तर?

बायको : गिळायचं. बायका आयुष्यभर गिळतात, तुम्ही एक आठवडा गिळा. आणि वन्सं येतील राहायला. त्या तुमच्या वाटणीचंही बोलतील.

कंट्रोलर : ती आली तर तू कानात बोळे घालशील.

बायको : घालीन. खिशातलं काढा आता.

कंट्रोलर : काय?

बायको : पाकीट. सिगारेटचं. आणा इकडे.

कंट्रोलर : हे घे.

बायको : दुसऱ्या खिशातलं?

कंट्रोलर : तुला खरंच दिसत नाही ना गं? घे. आता नाही, खरंच नाही.

बायको : चला. मला आत न्या. 'हो' मी सांगते, तुम्ही नुसती टिचकी वाजवा.

*

डॉक्टर : चौथ्यांदा विचारताय, काकू. चौथ्यांदाही तेच सांगते. काढलेल्या भागात कॅन्सर सापडला नाही. कडाही साफ आल्या. आज नळी घालून बघितलं, तर जखम छान भरलीय. या वेळी खरंच गप्प बसलेत काका.

बायको : बसले हो. मग तुम्ही अजून थोडं थांबा म्हणालात, तेही पाळलं. वन्संनी बोलून बोलून घर डोक्यावर घेतलं, तरी यांनी हूं की चूं केलं नाही. आणि सिगारेटही नाही. मी रोज वास घेते.

डॉक्टर : पण हे संपलं असं समजू नका. साल परत येऊ शकते. दोन महिन्यांनी मला दिसायला हवेत. काही त्रास नसला तरी.

बायको : आणते. आता तारखा मी माझ्याकडे ठेवलेल्या आहेत. यांच्याकडे नाही.

डॉक्टर : उत्तम. काका, आता बोला. जोर लावायचा नाही, कुजबुजायचंही नाही. सहज, शेजारच्याशी बोलतो तसं. काहीही बोला.

कंट्रोलर : काय बोलू?

डॉक्टर : हे बोललात की! अजून बोला.

कंट्रोलर : अगं... ऐकू येतंय का?

डॉक्टर : काकू, तुम्हाला विचारतायत.

बायको : हो. हो. आलं ऐकू.

डॉक्टर : बोलण्याचा पहिलाच दिवस आहे, त्या मानानं बरा आहे.

बायको : हा असाच राहणार?

डॉक्टर : थोडा सुधारेल. आमच्याकडे आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे पाठवते. पण पहिला येणार नाही. ते मी तेव्हाही सांगितलं होतं.

बायको : सांगितलं होतंत. तुमचा काही दोष नाही. तुमचे उपकारच आहेत.

डॉक्टर : मी पलीकडच्या खोलीतला पेशंट बघून येते. तुम्ही बसा थोडा वेळ. घाई नाही.

कंट्रोलर : गेल्या त्या.

बायको : कळलं मला. दार वाजलं.

कंट्रोलर : रडतेस कशाला? आता तर सगळं चांगलं झालं ना?

बायको : झालं. फार चांगलं झालं. माझ्या जिवाला किती घोर होता, ते माझं मला माहीत.

कंट्रोलर : मग?

बायको : मग काही नाही. रडू द्या. कुणी गेलं की चार माणसं भेटायला तरी येतात. पाठीवर हात फिरवतात. माझ्याकडे कुणी येणार नाही. सगळे म्हणणार, नवरा वाचला, नशीबवान आहेस बाई, आता हस. मी हसेन की! उद्या हसेन.

कंट्रोलर : मी इथंच आहे गं.

बायको : माहीत आहे. हात तोच आहे. हे नख तसंच वाढलेलं, कितीदा सांगितलं कापा म्हणून. सगळं तेच आहे. पण तुम्ही बोललात ना, की कुणीतरी परका माणूस तुमच्या जागेवर बसून मला 'अगं' म्हणतो.

कंट्रोलर : इतका वाईट येतोय?

बायको : वाईट नाही हो. चांगला आहे बिचारा. माझी ओळख नाही त्याच्याशी, एवढंच. होईल सवय. मी करून घेईन.

कंट्रोलर : मग आत्ता मी काय करू?

बायको : आत्ता हात धरा, आणि जरा वेळ काही बोलू नका. उद्यापासून बोला. आज मला तुमची फार आठवण येतेय.